ढब्बूची थेट भरती

३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी आनंदाची बातमी: ढब्बूला नोकरी लागली. आमचं श्वानपथक बंद झाल्यावर त्याला इथल्या पोलिसांकडे दिलं, आणि कुत्र्याला एकट्याला कसं पाठवायचं म्हणून मी राजीनामा देऊन मागोमाग आले, हे तुला ठाऊकच आहे. साहेबांनी मैदानात पेट्या मांडल्या. ढब्बू बरोबर स्फोटकांच्या पेटीपुढे जाऊन बसला. त्याचं आधीचं प्रशिक्षण तिथल्या तिथे मान्य झालं.

माझ्या वाट्याला मैदान नाही, समिती आली. त्याला मीच शिकवलं हे त्यांना पटलं, पण माझं प्रशिक्षण दुसऱ्या खात्याचं, ते इथे चालत नाही. मग ढब्बूचं कसं चाललं, असं विचारलं तर म्हणाले, कुत्र्यांसाठी नियमच नाही, म्हणून त्याची परीक्षा घ्यावी लागली.

आता मी वर्षभर प्रशिक्षण केंद्रात सलाम ठोकायला शिकणार. तोवर ढब्बू एका हवालदाराकडे, आणि तो त्याच्याशी रुळला की जोडी कायमची. दादा, मला घास गिळवत नाही.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
छोटी

१२ जून

चि. छोटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून वहिनी पोट धरून हसली आणि शेवटाला आल्यावर तुझ्यासाठी लाडू वळायला बसली. मी जन्मभर कचेरीत खुर्ची झिजवली आहे, म्हणून सांगतो, समितीशी वाद घालू नकोस. चूक दाखवली की समिती ती सुधारत नाही, सगळ्यांना सारखी लागू करते.

कुत्र्यापायी पक्की नोकरी सोडलीस तेव्हा मी तुला वेडी म्हटलं होतं. अजूनही म्हणतो, पण आता जरा कौतुकाने म्हणतो. वेळेवर जेव, आणि रागावली असलीस तरी दोन ओळी लिही.

तुझा,
दादा

२० जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या जिभेला हाड नाही, पण ती खरं बोलते. इथे शिट्टी कशी फुंकावी यावर तासभर व्याख्यान झालं. शिक्षक भला माणूस. त्यांनी मला बाजूला घेऊन विनवलं की सगळं येत असल्याचं दाखवू नका, बाकीची पोरं बिचकतात.

तिकडे ढब्बूने हवालदाराची बिस्किटं खाल्ली आणि हुकूम तेवढे नाकारले. स्फोटकांची पेटी पुढे ठेवली तर जांभई दिली. बिचाऱ्या हवालदाराने समितीला सांगितलं की हा बाईंचंच ऐकतो, त्यांना बोलवा. समितीने विचार केला: बाई अप्रशिक्षित आहेत, तेव्हा त्यांचं ऐकणारा कुत्राही अप्रशिक्षितच. त्याची मान्यता रद्द केली आणि त्याला पहिल्यापासून शिकायला आमच्याच केंद्रात धाडलं. दोरी कोण धरणार म्हणून विचारलं तेव्हा वर्गातून माझ्या एकटीचाच हात वर गेला.

काल रांगेत तो माझ्या डाव्या पायाशी उभा होता आणि मला रडू आवरेना. पहिला धडा होता ‘बस’. ढब्बूने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यानेच दटावलं. मग तो दोनदा चुकला आणि तिसऱ्यांदा बसला. शिक्षक म्हणाले, प्रगती आहे.

लोभ आहेच, तो आम्हा दोघा उमेदवारांवर सारखा असू दे.

तुझी,
छोटी