अर्जातलं 'नाही'

प्रिय ताई,

हे पत्र पाठवायचा धीर मला होणार नाही, म्हणूनच खरं ते लिहिते.

इथल्या कंपनीचं काम तुझ्या देशात राहून करता यावं, म्हणून मी व्हिसा मागितला होता. चित्रपटांचे संवाद मी घरी बसून भाषांतरित करते, ते काम तुझ्याजवळ बसूनही झालं असतं. व्हिसा नाकारला. कारण, माहिती लपवली. 'या देशात नातेवाईक आहेत का?' यापुढे मी 'नाही' लिहिलं होतं.

तू बाबांच्या मनाविरुद्ध लग्न केलंस तेव्हापासून, नऊ वर्षं, कुणी तुझ्याबद्दल विचारलं की या घरात आम्ही हेच सांगतो. हाताला सवयच लागली गं. आणि राहण्याचा पत्ता मात्र तुझाच दिला! ते व्हिसावाले काय दुधखुळे आहेत?

शुक्रवारपर्यंत अपील करायचंय. नात्याचा पुरावा म्हणून तुझा जन्मदाखला हवा, आणि तो बाबांच्या कपाटात. चार दिवस त्या कपाटाभोवती नुसती घुटमळले. आज मागितला.

"कुणाचा?"

"ताईचा."

बाबांनी उठून कपाट उघडलं. मग त्यांनी दाखला काढला. प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपून ठेवलेला.

"अपीलही फेटाळलं तर?"

"माहीत नाही, बाबा."

"तिचा नंबर आहे तुझ्याकडे?"

मी दिला. आत्ता ते बाहेरच्या खोलीत फोन हातात धरून बसलेत. अनोळखी नंबर म्हणून तू कापशील, या भीतीने मी इथे नखं खातेय. उचल गं.

तुझीच,
धाकटी