‘पाणीकपात’चं गाणं आणि माझा अन्वयार्थ

४ मे, रविवार
उत्कर्षा आजही जेवायला आली नाही. हिंजवडीत ट्रॅफिक म्हणे. रविवारी! भाग्यश्रीने फोनवर ‘असू दे गं’ म्हटलं. बायकोने मुलीला असंच लाडावून ठेवलंय. मला काही फरक पडत नाही.
उत्कर्षाला ‘पाणीकपात’ नावाचा रॉक बँड आवडतो असं कळलं. संकल्प : त्यांच्या गाजलेल्या गाण्याचा अर्थ लावणे. बापाकडून अर्थ कळला की येईल धावत.

५ मे
गाणं ऐकलं. गिटार कशासाठी वाजवतात ते कळलं नाही. वाजवणाऱ्यालाही कळलं नसावं. शब्द असे :
टेबलावर वाढला समुद्र,
आम्ही झालो मीठ.
घड्याळ म्हणालं, बस नीट.
खाली कमेंट्समध्ये शेकडो गाढवांनी अर्थ लावलेत. एकाच्या मते ब्रेकअप. मला एका बैठकीत उलगडलं. समुद्र म्हणजे भांडवलशाही, मीठ म्हणजे तीत विरघळलेला सामान्य माणूस, घड्याळ म्हणजे राज्यसंस्था. इतकं सोपं आहे.

९ मे
सोसायटीच्या व्याख्यानमालेतला सतरा तारखेचा वक्ता आजारी पडला. अध्यक्ष रंगरावांना मी हा विषय सुचवला. ते म्हणाले, समुद्र कसला, खडकवासल्यातून पाणी सोडलं असेल. आणि हे अध्यक्ष! तरी तारीख दिली. दुसरं कोणी मिळत नाही म्हणाले. कौतुक करायची पुणेरी पद्धत.

१२ मे
भाग्यश्रीला भाषण वाचून दाखवलं. तिने ते बाजूला ठेवायला लावून गाणंच दोनदा ऐकलं. म्हणाली, हे घरातलंच काहीतरी वाटतंय. हिला समुद्रातही स्वयंपाकघर दिसतं!
उत्कर्षाला निमंत्रण पाठवलं. ‘या गाण्यावर तुम्ही बोलणार?’ असं तिने तीनदा विचारलं. मग म्हणाली येते, रविवारी जेवूनच जाईन. बघा. योजना बरोबर होती.

१८ मे, सकाळी
काल व्याख्यान झालं. प्रचंड यशस्वी. अकरा श्रोते, त्यातले दोघे निव्वळ पंख्यासाठी.
प्रश्नोत्तरांत उत्कर्षा उभी राहिली. गाणं तिनेच लिहिलंय म्हणाली, टोपणनावाने. समुद्र म्हणजे बाबांचं जेवतानाचं बोलणं. मीठ म्हणजे ती आणि आई. ‘बस नीट’ हे तर मीच म्हणायचो म्हणे. लोक हसले. रंगराव डोळे पुसेपर्यंत हसले. त्यांना हसायला काय लागतं!
मी शांतपणे सांगितलं की लिहिणाऱ्याला स्वतःच्या लेखनाचा अर्थ कळतोच असं नाही. टाळ्या झाल्या त्या माझ्या वाक्याआधी, असं भाग्यश्रीचं मत. तिला विचारलं नव्हतं.
संकल्प : आज जेवताना उत्कर्षाला नीट समजावणे.

१८ मे, दुपारी
समजावलं. कोशिंबिरीपासून सुरुवात केली. भांडवलशाही मुद्देसूद झाली. राज्यसंस्थेपर्यंत आलो तोवर भात निवला होता. ती मध्ये एक शब्दही बोलली नाही, म्हणजे पटलंच. शेवटी तिने विचारलं, बाबा, मी उठू का? सव्वीस वर्षांची घोडी, आणि हे काय विचारायचं? म्हटलं, ऊठ की.
उठली ती पर्स घेऊन थेट जिना उतरली. भाग्यश्री म्हणाली, आठ वर्षांची होती तेव्हाही असंच विचारायची. मी म्हटलं, मला नाही आठवत. ती म्हणाली, तुम्ही बोलत असायचात.

२५ मे, रविवार
उत्कर्षा आली नाही. या वेळी ट्रॅफिकचं कारणही दिलं नाही. वाईट वाटलं.
जेवायला बसलो. विषय होते. मेट्रो होती, रंगरावांचा मूर्खपणा होता. बोललो नाही. भाग्यश्रीही बोलली नाही, तिला सवयच नाही.
आपल्याकडे जेवण इतक्या लवकर संपतं हे मला माहीत नव्हतं.