साहेबरावच्या शाळेची वाट

साहेबरावच्या आईला जयभीम.

मी बराबर पोचलो. यष्टीत अंग आंबलं, बाकी ठीक. तुझा गुडघा कसा हाय? शेळीला चारा पुरतो का?

पोरगं वाळलंय. शाळेत शिकवून येऊन एकटंच भात शिजवून खाऊन राह्यलंय. तू म्हनलीस, सुनेला, सत्यशीलाला, त्याच्याकडं कोकणात धाडायची न्हाई, शाळेची वाट समुद्राकाठनं हाय, एखाद्या दिवशी पाणी दोघांनाबी गिळंल. तेच बघायला आल्तो. काल त्याच्यासंगं चाललो. वाट सोपी हाय, चढ न्हाई. काजूच्या झाडांखालून जाती, मंग खडकावरून, अन् खडक सरला की समोर निस्तं पाणी.

आपल्या शिवाराला कुठंतरी बांध असतो, याला न्हाई. खाली उतरलो, विहिरीवर काढतो तशा चपला पाण्यापासून लांब काढल्या अन् बसलो. आपल्याकडं पाणी खाली जातं, मानसाकडं येत न्हाई. हे चालत आलं अन् एक चप्पल घेऊन गेलं.

साहेबराव हसला. म्हनला, "बाबा, हे रोज येतं अन् रोज माघारी जातं. वरच्या वाटंला शिवत न्हाई." मी तसाच बसून राह्यलो. उठावंच वाटंना.

भ्यायचं कारण न्हाई. सुनेला धाडायची, पण तू संगं ये. मला हे सांगता येत न्हाई, तुला दावायचं हाय. तोवर मी इथंच थांबतो.

सत्यशीला, हे सासूला तूच वाचून दाखवून राह्यलीस, मला ठावं हाय. आता कागद ठेव अन् कपडे बांधायला घे.

भिवा