पाण्याच्या रांगेतलं लुगडं

आई, दुपारी डोळा लागला की अजून मला पिंपरी दिसते. नव्या औषधाच्या कारखान्याचा आंबूस वास, पलीकडे पिवळं माळरान, आणि आपल्या खोलीच्या दारात तू, हिरव्या लुगड्यात, हात कपाळावर धरून बाबांची वाट बघत असलेली. बाबा त्या कारखान्यात फिटर. एकदा जेवताना ते म्हणाले, "कागद आले. इस्रायलला जायचं." तुझे डोळे भरून आले. आपण बेने इस्रायल, मराठी बोलणारे यहुदी. कोकणात तेलाचा घाणा चालवताना आजोबासुद्धा यरुशलेमचं नाव घ्यायचे. मग बाबा हळूच म्हणाले, "पण तिथं लुगडं चालायचं नाही. लोक हसतील. फ्रॉक शिवून घे."

कापड घेऊन आपण दोघी सिंधी निर्वासितांच्या कॅम्पात गेलो. तिथे एक बाई, लहान लेकीला शेजारी बसवून, शिवणकाम करायची. ती टेप लावत होती आणि तू अंग चोरून उभी. "घुटने तक?" तिनं विचारलं. "अगं बाई, पाय झाकू दे!" तू म्हणालीस. ती हसली. आपण देश सोडून चाललोय हे ऐकल्यावर टेप गळ्यात टाकून म्हणाली, "अच्छा है, कपड़े सोचके जा रही हो. हम तो जो पहना था, उसी में निकले." तू कापडाची घडी घातलीस. मग ती तिच्या हातात ठेवलीस. "तुझ्या लेकीला शीव," एवढंच म्हणालीस. बाबा विमानात बसेपर्यंत तुझ्याशी बोलले नाहीत.

आणि आता आपण इस्रायलला पोचलोय. पत्र्याच्या खोल्यांची छावणी, पांढरी धूळ, कुणाचीच भाषा कळत नाही. पाण्याच्या रांगेत बायका तुझ्या कासोट्याकडे बघून कुजबुजतायत. बाबांची मान खाली. इतक्यात पुढून एक म्हातारी, अंगात कुणाचा तरी ढगळ कोट, धडपडत येते, तुझा पदर चाचपते. "अगो, कुठल्या गावची तू?"

"पेणकडची."

ती तुझ्या गळ्यातच पडते. संध्याकाळी तिच्या खोलीत आपण भात आणि कोकमाचं सार जेवलो. बाबा पानाकडे बघत म्हणाले, "लुगड्यानं माणूस मिळवून दिलं."

तू शेवटपर्यंत लुगडंच नेसलीस. आज या घरात मराठी वाचणारी मी एकटीच उरलेय, तेव्हा हे पत्र कुणाला पाठवणार? एक सांगते. तुझं लुगडं मी कधी कधी कपाटातून काढते, पलंगभर उलगडते, पुन्हा घडी घालते. मला ते नेसता येत नाही, आई. तू होतीस तोवर विचारायचं सुचलंच नाही.