खालच्या थरातल्या रेघा

दि. ४
चि. जावईबापूंस अनेक आशीर्वाद, वि. वि.
तुमचे चित्र पोचले. पुस्तकाचे मुखपृष्ठ होणार, कोपऱ्यात तुमची एकट्याची सही, छान. बोर्ड रंगवण्याइतके हे सोपे नाही, बघा जरा, असे बजावून तुम्ही संगणकावरची फाइल एकावर एक चढवलेल्या थरांसकट पाठवलीत. बघितली. फ्लेक्सच्या दुकानात मी दिवसभर थरच उघडतो-मिटतो. वरून एकेक बंद करत गेलो. आधी चकाकी गेली, मग सावल्या, मग सपाट रंग. तळाशी कच्चे रेखाटन उरले. त्यातली प्रत्येक छटेची रेघ डावीकडून उजवीकडे खाली उतरते. उजव्या हाताची रेघ उलट झुकते. तुम्ही उजवे. डाव्या हाताने काढणारी आमच्या घरात एकच होती, ती तुम्हाला दिली. चित्रातल्या म्हातारीच्या तोंडावरचा राग तिने काढलेला आहे, तुम्ही त्याला पावडर लावलीत. सहीत तिचे नाव घाला, नाहीतर प्रकाशकांना फाइल मी दाखवतो.
लोभ आहेच, तूर्त कुलपात आहे.

दि. ९
ती. बाबांस सा. न. वि. वि.
रेखाटन तिचे, नाकारतो कोण? पण ते अर्ध्या तासाचे. उजेड कुठून येतो हे ठरवायलाच मला दोन दिवस लागले. सावलीत निळा मिसळला, गालाची कड विरघळवली, नाकाची धारदार ठेवली, तेव्हा कुठे त्या रेघांची बाई झाली. शिवाय तिची काही तक्रार नाही. फ्लेक्स छापून कोणी चित्रकार होत नाही. फाइल खुशाल दाखवा.
लोभ वाढवला नाहीत तरी चालेल, सल्ले कमी करावेत.

दि. १४
ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.
यांनी पत्र टाकायला माझ्याच हाती दिले, म्हणून वाचले. माझी तक्रार नाही असे यांना वाटते, कारण विचारलेच कधी नाही. प्रकाशकांना मी स्वतः फोन केला. मुखपृष्ठावर दोन नावे येतील, माझे आधी. तेव्हापासून हे टॅबलेटवर कोरे पान उघडून बसलेत.
आता तुमचे. लग्नाआधी सहा वर्षे तुमच्या बोर्डांवरची माणसे पेन्सिलीने मी काढली. तुम्ही वर रंग चढवलात आणि खाली सही ठोकलीत. माझी रेघ कुठे झुकते हे तुम्हाला इतके पाठ कसे, सांगू? सहा वर्षे तिच्यावरून ब्रश फिरवलात म्हणून.
त्यातला चष्मेवाल्याचा बोर्ड अजून आहे. रविवारी येते. शिडी आणि पांढरा रंग काढून ठेवा, सही मी करणार.
लोभ राहील, शिडी घट्ट धरलीत तर.
तुमची डावखुरी