उतरवलेला तारा

दरेकसा स्टेशन,
२८ नोव्हेंबर १९५४

प्रिय शालीकभाऊस,
प्रेमिलाचा कृ. सलाम, वि. वि.

इकडे माय, बाबा आणि मी बरे आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं म्हणजे थंडी पडल्यापासून मायचा दमा वाढला आहे. उशी पाठीला लावून ती बसूनच झोपते. गोंदियाच्या डॉक्टरांनी जंगलातली हवा सोडा म्हणून सांगितलं. बाबा म्हणाले, मी रुळांचे सांधे लावणारा पाइंटमन माणूस, रेल्वेला सांगून पाहतो स्टेशन उचलून न्या म्हणून.

धान घरात आलं. शेजारच्या उदारामकाकांनी यंदाही बांधावरचा एक बांबू आपल्या नाताळच्या ताऱ्यासाठी राखून ठेवला आहे. त्यांची बायको, आपली रुख्मामावशी, म्हणते, तुमच्या येशूचा जन्म जवळ आला का आमच्या घरी नव्या धानाचे पोहे कांडायचे हे ठरलेलंच. आमच्या देवाला एवढं मिळत नाही.

तारा दारातल्या मोहाच्या झाडावर चढवायची दोरी लहानपणापासून तूच ओढायचास. तू नागपूरला सुवार्तेचा प्रचारक झालास तेव्हापासून मी ओढते, आणि माय दर वर्षी म्हणते, तिरपा लागला. ती रोज विचारते, पोरगा येऊन राहिला का नाही. काय ते नक्की कळव, आणि थट्टा केली तरी बहिणीवरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी प्रेमिला


नागपूर,
५ डिसेंबर १९५४

चि. प्रेमिलास अ. उ. आ. तीर्थरूप माय-बाबांस सलाम.

मायचा दमा वाढल्याचं वाचल्यापासून कामात मन लागत नाही. इथल्या डॉक्टरांना विचारून गोळ्या पार्सलने पाठवल्या आहेत. कोमट पाण्याबरोबर द्याव्या.

आता अवघड गोष्ट लिहितो. आमच्या चर्चच्या मंडळीत पवित्र शास्त्राचा कसून अभ्यास चालला आहे. प्रभूच्या जन्माची तारीख शास्त्रात कुठेही दिलेली नाही. प्रेषितांनी तो दिवस पाळला नाही, आपल्याला पाळायला सांगितला नाही. सूर्याची पूजा करणाऱ्यांचा जुना सण होता, त्यावर आपण आपलं नाव चिकटवलं. रानातलं झाड तोडून ते शृंगारण्याला तर संदेष्ट्यानेच नावं ठेवली आहेत. आणि आपला तारा म्हणजे काय? उदारामकाकांचा दिवाळीचा आकाशकंदील, त्याला फक्त पाच टोकं.

मायला वाईट वाटेल हे मी जाणतो. पण जे लोकांना सांगतो त्याच्या उलट माझ्याच घरात चाललं तर मी ढोंगी ठरेन. म्हणून स्पष्ट लिहितो, त्या ताऱ्याखालून मला घरात येता येणार नाही. प्रेमाने लिहिलं आहे, प्रेमानेच वाचावं.

तुमचा शालीक


दरेकसा स्टेशन,
१४ डिसेंबर १९५४

भाऊ, आज मायच बोलते आहे. शब्द तिचे, शाई माझी.

शालीक, माह्या लेका, लय आशीर्वाद. तुह्यं पत्र प्रेमिलानं दोनदा वाचून दाखवलं. तारीख चुकली असन त चुकली असन. तू जलमला ते तारीख तरी मले कुठं ठाऊक हाय? धान गर्भात आलं होतं, एवढंच ध्यानात हाय. तरी तुह्या नावानं दरसाल गोड केलंच ना म्या.

पण तू शिकलेला हायेस. तारा नको म्हणतोस त तारा नाही. कायले भांडू? तयार झाला होता, खळ वाळून राहिली होती. उदारामच्या माळ्यावर नेऊन ठेवला. रुख्माले म्या सवता जाऊन सांगितलं का यंदा पोहे आणू नको, घरात येऊ नको, पोराले चालत नाही. तिनं हातातलं मुसळ खाली ठेवलं अन् आत गेली.

आता तुह्या वाटेत काही नाही. पंचवीसले पासिंजरनं ये. मी स्टेशनावर राहीन. खोकल्याचं मनावर घेऊ नको, प्रेमिला कायबी लिहिते.

तुही माय सुलोचना, खाली अंगठा


नागपूर,
२१ डिसेंबर १९५४

तीर्थरूप मायच्या सेवेशी शालीकचा कृ. सलाम, वि. वि.

तुझं पत्र वाचून मी गुडघे टेकले. रविवारी मंडळीला वाचून दाखवलं तेव्हा कितीकांचे डोळे भरून आले. न शिकलेल्या आईने एवढा मोठा त्याग केला, असं सगळे म्हणाले.

पंचवीसला मात्र मी येत नाही. तू समजून घेशील. नेमक्या त्याच दिवशी घरी जायचं आणि सगळ्यांनी मिळून गोड खायचं, म्हणजे तारा काढूनही सण पाळलाच. तो दिवस इतर दिवसांसारखाच आहे, हे आपण वागून दाखवायला हवं. जानेवारीत एखाद्या साध्या दिवशी येतो आणि चांगला मुक्काम करतो. तोवर गोळ्या चुकवू नकोस आणि मुलासाठी प्रार्थना कर.

तुझा शालीक


दरेकसा स्टेशन,
२७ डिसेंबर १९५४

प्रिय शालीकभाऊस सलाम.

तुझं पत्र आज सोमवारी मिळालं. शनिवारच्या आत मिळायला हवं होतं.

शनिवारी माय धुतलेलं लुगडं नेसून सकाळीच फलाटावरच्या बाकावर जाऊन बसली. पासिंजर गेली. माय म्हणाली, मागच्या गाडीनं येत असेल. तीही गेली. मास्तरांनी चहा पाठवला, तो तिने तुझ्यासाठी झाकून ठेवायला सांगितला. उदारामकाका आणि रुख्मामावशी कुंपणापलीकडून बघत होते. येऊ नका म्हणून सांगितलेलं, ते आले नाहीत. अंधार पडल्यावर बाबांनी तिला हाताला धरून घरी आणलं. ताऱ्याशिवाय मोहाचं झाड काळं दिसत होतं.

आज तुझं पत्र वाचून दाखवलं. तारा काढूनही सण पाळलाच, हे वाक्य तिने पुन्हा वाचायला लावलं. मग शांतपणे विचारलं, मंग तारा कायले काढला?

याचं उत्तर तुला येत असेल तर स्वतः येऊन दे, आणि लवकर ये. तिचा श्वास मला बरा वाटत नाही.

प्रेमिला


दरेकसा स्टेशन,
१० जानेवारी १९५५

शालीक यास बाप बकारामचा सलाम.

कार्डाचा कोपरा फाडला आहे, त्यावरून समजला असशील. तुझी माय काल सकाळी गेली. तार केली होती. तू प्रचारासाठी गावोगाव फिरतीवर आहेस, असं तिकडून उत्तर आलं. आज माती झाली.

उदाराम फाटकापाशी उभा होता. त्याला आत बोलवायचं मला सुचलं नाही. खांद्याला चौथा माणूस पाहिजे होता तेव्हा तो बाहेरूनच विचारू लागला, मी हात लावला तर चालन का. तीस वर्षांचा शेजार आहे.

तू विचारशील म्हणून लिहितो. दारातल्या मोहावर तारा नव्हता.

बकाराम


नागपूर,
४ डिसेंबर १९५५

प्रिय प्रेमिलास अ. उ. आ.

वर्षभरात तुझी दोन पत्रं आली. मी उत्तर दिलं नाही. जानेवारीत मी आलो तेव्हा बाबा ड्यूटीवर निघून गेले ते मी परत जाईपर्यंत घरी आले नाहीत. त्यानंतर काय लिहावं हे कळेना.

मी शास्त्र पुन्हा उघडून पाहिलं. जे लिहिलं होतं ते मला आजही बरोबरच वाटतं. त्यात चूक सापडली असती तर क्षमा मागून मोकळा झालो असतो. तेवढीही सोय नाही. मायने विचारलं त्याचं उत्तर मात्र मला आलेलं नाही. मंडळीत आता कोणी तिच्या त्यागाची गोष्ट काढली की मी उठून बाहेर जातो.

पंचवीसला मी आलो तर चालेल का? सण म्हणून नाही. त्या दिवशी ती बाकावर बसली होती म्हणून. बाबांना विचारून कळव.

शालीक


दरेकसा स्टेशन,
१२ डिसेंबर १९५५

प्रिय शालीकभाऊस,
प्रेमिलाचा कृ. सलाम, वि. वि.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, गाडी सगळ्यांसाठी थांबते.

परवा उदारामकाका तारा घेऊन फाटकाशी आले होते. एका बाजूने उंदरांनी कागद कुरतडला आहे. म्हणाले, तुह्या मायनं सांगितलं होतं का पोरगा येऊन गेला का घेऊन जाईन. आता कोणाले देऊ? बाबा म्हणाले, ज्याच्यासाठी उतरवला त्याला. काका तसेच परत गेले.

तारा लाव असं मी म्हणणार नाही. तुझं मत तुझ्याजवळ राहू दे. पण रुख्मामावशी वर्षभर आपल्या फाटकाच्या आत आलेली नाही. विहिरीवर भेटते, मायची आठवण काढून रडते, आणि फाटक आलं की थांबते. येऊ नको असं मायने स्वतः जाऊन सांगितलं होतं, आणि ते मागे घ्यायला माय राहिली नाही. तेव्हा तू आलास तर थेट घरी येऊ नकोस. आधी तिच्या दारात जा आणि पोहे माग. ती देईल की नाही, मला माहीत नाही.

मी स्टेशनावर येणार नाही. राग नाही, त्या बाकावर मला बसवत नाही. त्या दिवशी बाबांची पाळी आहे, तुझ्या गाडीचा सांधा तेच लावतील. ते बोलले नाहीत तरी उतर.

लोभ असावा असं यंदा लिहीत नाही. तो आहे.

तुझी बहीण,
प्रेमिला