घट्ट बांधणीचा टॅबलेट

चि. भाचेबुवांस,

तुझ्या बुकबाइंडर मामाचे भरघोस आशीर्वाद. पाठदुखी कशी आहे? सूनबाईंचा खोकला थांबला का? आम्ही दोघं ठणठणीत आहोत. आजारी आहे तो तू पाठवलेला नवा टॅबलेट. चालता चालता मध्येच डोळे मिटतो आणि मिनिटभराने कंपनीचं चिन्ह मिरवत, काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा उठतो.

उपाय सगळे केले. पोटभर चार्ज केला, मागेल ते अपडेट दिलं, तुझ्या मामीचे तीन खेळ काढून टाकले (त्यामुळे दोन दिवस चहा मलाच करावा लागला). शेवटी दुरुस्तीवाल्याकडे ठेवला. त्याआधी कव्हर तेवढं काढून घेतलं. जाड पुठ्ठा, कापडी पाठ, चारी कडा घट्ट, मी स्वतः बांधलेलं. चाळीस वर्षांची कला परक्याच्या काउंटरवर कशी सोडायची? तिथे हा पठ्ठ्या दोन दिवस एकदाही बंद पडला नाही. घरी आणून कव्हर चढवलं, की पुन्हा तेच. त्यातही मामीच्या हातात शहाण्यासारखा वागतो, दगा देतो तो मलाच.

आणि दगा द्यायची वेळ तरी बघ. तुझ्या आईचा दोन वर्षांचा अबोला तुला ठाऊकच आहे. आमच्या आईची पदार्थांची वही मी नवी बांधून दिली आणि कडा सारख्या करताना समासातली आईच्या हातची टिपणं कापून टाकली. ताई रडायला लागली, तर मी म्हणालो, "पण कडा बघ किती सरळ आल्यात!" परवाच्या रविवारी तिने आपणहून व्हिडिओ कॉल केला. केस पांढरे झालेत रे तिचे. "अरे, त्या वहीचं मी..." एवढं म्हणाली आणि पडदा काळा! मी रागाने फोन कापला असं तिला वाटलं असणार. आता माझा फोन उचलत नाही. जेवण गोड लागत नाही मला.

तरी कंपनीला एक खरमरीत पत्र लिही.

तुझा,
मामा

ता. क. : कंपनीला लिहू नकोस. मामीने आत्ता कव्हर सोलून काढलं. कडेचं बटण माझ्या पुठ्ठ्याखाली होतं. टॅबलेट घट्ट धरला की ते दाबलं जायचं, आणि दाबलेलं राहिलं की हा बंद होऊन पुन्हा सुरू. मामी तो मांडीवर ठेवते. मी दोन्ही हातांनी आवळून धरतो, आणि ताई दिसली तेव्हा तर जास्तच.

आणखी एक : तुझ्या आईला एवढंच सांग, की फोन मी कापला नाही. बिघाड टॅबलेटचाच होता म्हणालास तरी चालेल.

शेवटचं : नको, खरं तेच सांग. दुसऱ्यांदाही माझीच बांधणी आड आली म्हणावं. येत्या रविवारी अकराला फोन करतो. टॅबलेट उघडाच, पातेल्याला टेकवून ठेवीन आणि हात मागे बांधून बसेन. तिने फक्त उचलावा. माफी मागायची राहिली आहे, आणि या वेळी कडांबद्दल एक अक्षर बोलणार नाही.